वाढ खुंटते त्याच्या कितीतरी आधी

बालकांच्या खुंटलेल्या वाढीची चर्चा बहुतेकदा मुलाच्या ताटापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पूरक आहार, जंतनाशक औषध, स्वच्छ पाणी हे सारे हवेच. परंतु हे मूल केव्हा व्हावे, हे ठरवताना त्याच्या आईला कोणी विचारले होते का, हा प्रश्न मला सर्वांत आधीचा वाटतो.

वयाच्या मानाने मुलाची उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकातील मध्यकापेक्षा (त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मधल्या उंचीपेक्षा) दोन प्रमाण विचलनांहून (उंचीतील नेहमीचा फरक मोजण्याच्या एककांहून) अधिक कमी भरली, तर त्याची वाढ खुंटली असे मानतात. २०२२ मध्ये पाच वर्षांखालील सुमारे १४.८ कोटी मुले अशी होती. दोन वर्षांखालील मुलाला फळीवर निजवून, त्याचे गुडघे हलकेच सरळ धरून आणि तळव्यांना सरकती पट्टी टेकवून लांबी मोजतात. त्या मोजणीत कमी भरलेल्या सेंटिमीटरांपैकी काही जन्माआधीच गमावलेले असतात, कारण गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या ज्या पहिल्या एक हजार दिवसांवर आपण एवढा भर देतो, त्यांतले सुमारे २७० दिवस गर्भारपणाचेच असतात.

मूल जेमतेम सात महिन्यांचे असताना आईला पुन्हा दिवस राहिले, तर काय होते ते पाहा. आधीच्या बाळंतपणात आणि अंगावर पाजण्यात खर्च झालेला तिच्या शरीरातील लोहाचा आणि फोलेट या जीवनसत्त्वाचा साठा अजून भरून आलेला नसतो. दूध कमी होऊ लागते, अंगावरचे मूल वेळेआधी तोडले जाते आणि पोटातले बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. एका न विचारलेल्या प्रश्नाची झळ अशी दोन मुलांना आणि त्यांच्या आईला एकदमच बसते. आई स्वतःच वाढीच्या वयातली मुलगी असेल तर तिचे शरीर आणि गर्भ एकाच तुटपुंज्या पोषणाचे वाटेकरी होतात. म्हणूनच बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मात्र पाळणा लांबवण्याचा हा उपदेश ज्या बाईला केला जातो, तिला गर्भनिरोधक साधन वापरण्यासाठी नवऱ्याची किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागत असेल, तर तो उपदेश चुकीच्या व्यक्तीला केलेला असतो.

इथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. मुलांची उंची वाढावी म्हणून बाईला मूल केव्हा व्हावे हे ठरवण्याचा हक्क द्यावा, असे माझे म्हणणे नाही. तिचे शरीर तिचे आहे, एवढे कारण पुरेसे आहे. हक्काला निव्वळ साधन मानले की सक्तीच्या नसबंदीचेही समर्थन करता येते, आणि तसे झालेलेही आहे. मुले किती, केव्हा आणि किती अंतराने व्हावीत हे मुक्तपणे व जबाबदारीने ठरवण्याचा, त्यासाठी माहिती आणि साधने मिळण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या व विकासावरील १९९४ च्या कैरो परिषदेने मान्य केला, तो जोडप्यांचा आणि व्यक्तींचा अधिकार म्हणून.

मुलाची उंची मोजायला आई आलेलीच असते. त्याच वेळी, सोबतच्या माणसांना बाहेर थांबवून, तिला इतक्यात दुसरे मूल हवे आहे का हे विचारावे. नको असेल तर तिच्या पसंतीचे साधन तिथेच मिळावे, आणि हवे असेल तर तिला न रागावता पुढच्या गर्भारपणाची तयारी तिच्याशी बोलून ठरवावी.