संचकार घेण्याआधी घराची कागदं जुळवा

संचकारपत्रावर (विसाराच्या करारावर) सही झाली की मुदत सुरू होते. बहुतेक करारांत ती तीन महिन्यांच्या आसपास असते, आणि तेवढ्यात कागद पुरे करून देणं विकणाऱ्याकडे. ई-खाते (पालिका-पंचायतीतली घराची ऑनलाइन नोंद) अडकलं, बहिणीची सही राहिली, सोसायटीच्या कर्जाचा बोजा उतरला नाही, तर घेणारा पैसे परत मागतो. करारात लिहिलं असेल तर वर दंडही. तोवर तुम्ही ते पैसे दुसऱ्या घराला संचकार म्हणून दिलेले असतात. म्हणून आधी कागद, मग गिऱ्हाईक, मग संचकार.

आपल्या बेळगाव भागात सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुनी खरेदीखतं मराठीत, काही मोडीत. पुढची कन्नडमध्ये, आणि आधार-पॅन इंग्रजीतून आलेलं. एकच माणूस जुन्या खतात ‘यल्लाप्पा भरमा’, खात्यावर ‘यल्लप्पा भरमण्णा’ आणि आधारवर फक्त आडनावासकट. ई-खात्याला आधार जोडावं लागतं, तिथे हा फरक लगेच उघडा पडतो. वेलांटी-काना किंवा ‘अण्णा-अप्पा’ इतकाच फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र बहुधा चालतं. वडिलांचं नाव, सर्व्हे नंबर किंवा चतुःसीमा चुकली असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. नोंदणीकृत दुरुस्तीपत्र लागतं आणि त्यावर त्या वेळच्या विकणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची सही लागते. ते वारस शोधायला किती दिवस जातील ते कुणी सांगू शकत नाही. हे काम पहिल्या आठवड्यातच हातात घ्या. मोडी कागद असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून, त्याची सही घेऊन मूळ कागदाला जोडून ठेवा.

दुसरी अडचण वारसांची. वडील गेले, घर भावांच्या नावावर चढलं, बहिणींना कुणी विचारलं नाही, अशी घरं शहापूर-वडगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत पुष्कळ. वडिलार्जित घरात मुलींचा मुलांइतका जन्मतः हक्क देशभर २००५ ला आला, पण कर्नाटकाने स्वतःची दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासूनच लागू केली होती. घेणाऱ्याचा वकील हे विचारणारच. नाडकचेरीतून (होबळीच्या महसूल कार्यालयातून) वंशवृक्ष काढा, त्यात एकही नाव गाळू नका, आणि प्रत्येक बहिणीची एकतर खरेदीखतावर सही घ्या किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करा. साध्या कागदावरची ‘माझी हरकत नाही’ कोर्टात टिकेल असं धरू नका. बहीण चंदगड-गडहिंग्लजला दिलेली असेल आणि तिला येणं जमत नसेल, तर मुखत्यारपत्र तिच्या गावच्या उपनिबंधक कार्यालयात नोंदवून घ्या. मुद्रांक महाराष्ट्राचा असतो, त्यामुळे इथल्या शुल्कातला फरक भरायचा का, हे आधीच विचारून ठेवा. आणि खरं सांगायचं तर कायदा बाजूला ठेवला तरी, बहिणीला तिचा वाटा आधी विचारणं हेच बरोबर.

मग ईसी, म्हणजे घरावरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला. १ एप्रिल २००४ नंतरच्या नोंदी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतात. त्याआधीच्यांसाठी कार्यालयात अर्ज करून जुनी पुस्तकं बघून घ्यावी लागतात. व्यवहार असतील तर नमुना १५ येतो, काहीच नसेल तर नमुना १६. स्वतःची ईसी स्वतः काढून आधी वाचा, कारण कित्येकदा पंधरा वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज तिथे अजून उभं असतं. कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप जात नाही; गहाणखत नोंदवलेलं असेल तर मुक्तिपत्रही नोंदवावं लागतं. बँकेकडून मूळ कागद मिळत नसतील तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा: १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास रोज ५,००० रुपये भरपाई. क्रेडिट सोसायट्यांना हा नियम लागू नाही, म्हणून तिथे मागे लागूनच नो-ड्यूज घ्यावं लागतं. नोंद न झालेली वाटणी, थकलेली घरपट्टी, नुसती मूळ कागदं ठेवून घेतलेलं सोसायटीचं कर्ज, यांपैकी काहीच ईसीत दिसत नाही. ते तुम्हीच आधी सांगा; नंतर कळलं की व्यवहार मोडतो.

ऑक्टोबर २०२४ पासून ई-खात्याशिवाय नोंदणी होत नाही. महापालिका-नगरपालिकेत ते ई-आस्तीतून मिळतं, हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर अशा पंचायत हद्दीत ई-स्वत्तूतून नमुना ९ आणि ११. अर्जाला खरेदीखत, ईसी, चालू घरपट्टीची पावती, मालकाचं आधार आणि घराचा-मालकाचा फोटो तयार ठेवा. कॅम्पातलं घर असेल तर गोष्टच वेगळी: ओल्ड ग्रँटची जमीन संरक्षण खात्याची असते, तिथे आधी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे चौकशी. आणि जागा बाँडवर, म्हणजे नोंदणी न केलेल्या स्टँप पेपरवर घेतलेली असेल, तर नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत तुमच्याकडे विकण्यासारखी मालकीच नाही. घेणाऱ्याला पुन्हा बाँड करून देऊन तोच गुंता पुढच्या घरात ढकलू नका.

मोजमाप टेपने स्वतः घ्या. ३० बाय ४० चा प्लॉट १,२०० चौरस फूट, म्हणजे १११.४८ चौरस मीटर. ई-खात्यात १०५ चौरस मीटर लिहिलं असेल तर ७० चौरस फूट गायब. चौरस फुटाला ४,००० चा भाव धरला तर २ लाख ८० हजारांचा वाद. शेजाऱ्याची भिंत आत आली असेल किंवा रस्ता रुंद झाला असेल तर सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावरून हद्दबस्त करून घ्या आणि भाव मोजलेल्या जागेवरच बोला.

घराचं म्हणाल तर ओल लपवण्यासाठी रंग देऊ नका. बेळगावच्या पावसात तो एका जुलैत पोपडे धरतो. पाणी बहुतेक वेळा कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथून किंवा पावसाळी पाइपाच्या तोंडातून उतरतं. एप्रिलमध्ये पाइपाची तोंडं बंद करून गच्चीवर दोनेक इंच पाणी ४८ तास अडवा आणि खालून बघा. भेग दिसली की ती चांगली खोल कोरून पॉलिमर मॉर्टरने भरा, सांध्याला गोलाई द्या. आतला प्लास्टर खडखडीत वाळल्यावरच पुट्टी. कौलारू घरात वासे आणि चौकटी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग एवढं तरी असावंच.

पैशांचं थोडक्यात. रोख २०,००० किंवा जास्त घेतली तर घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर बसू शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तुमचं पॅन आधारशी न जोडल्याने बंद पडलं असेल तर तोच २० टक्के होतो.

नोंदणीच्या दिवशी मसुदा कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर तुमच्याच माणसाकडून आदल्या दिवशी ओळन्‌ओळ वाचून घ्या: चतुःसीमा, रक्कम, डीडीचे नंबर. अंगठा द्यायच्या आधी आरटीजीएस खात्यावर जमा झालेलं बघा. चावी देताना हेस्कॉमच्या वीज मीटरचं रीडिंग आर.आर. नंबरसकट (वीजजोडणीचा क्रमांक) कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि पाणीपट्टीची शेवटची पावती त्याच फाइलला लावा.