आमची वाटचाल : होल पाडून आणि होल न पाडता

आमच्याकडे स्पॉयलर, म्हणजे गाडीच्या मागे डिकीवर किंवा छताच्या टोकावर लावायचा पट्टीसारखा भाग, बसवायला येणारा माणूस गाडीतून उतरता उतरताच विचारतो, "होल पाडावं लागेल का?" वर्कशॉप सुरू केलं तेव्हाही पहिला प्रश्न हाच असायचा आणि आजही हाच असतो. आमचा धंदा या एका प्रश्नाचं नीट उत्तर शोधतच वाढला आहे.

भाऊ डेंटिंगमधला आणि मी वायरिंगमधला. दोघांनी मिळून सुरुवात केली ती सीट कव्हर, फॉग लॅम्प, मड फ्लॅप अशा कामांनी. स्पॉयलर अधूनमधून यायचे. ते बहुतेक फायबरचे, हाताला जड लागणारे, सोबत बोल्ट आणि एक कागदी टेम्प्लेट. होल न पाडता नुसत्या टेपने चिकटवण्याचा प्रश्नच नव्हता. भावाचा हात पत्र्यावर बसलेला असल्यामुळे इतर ठिकाणी नाकारलेली ही कामं आमच्याकडे येऊ लागली आणि हळूहळू आम्ही त्यातलेच झालो.

होल पाडायला कोणालाही दोन मिनिटं पुरतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम हाच खरा कामाचा भाग आहे. डिकीचा मध्य काढायचा, दोन्ही कडांपासून मोजून खात्री करायची, जागेवर मास्किंग टेप लावायची आणि खुणा त्या टेपवर करायच्या. सेंटर पंचने हलकी खूण दिली नाही तर बिट घसरतो आणि रंगावर ओरखडा येतो. आधी ३ मिलिमीटरचा बिट, मग हवं त्या मापापर्यंत स्टेप बिट, म्हणजे पायरीपायरीने रुंद होत जाणारा बिट. डिकीला पत्र्याचे दोन थर असतात हे विसरून चालत नाही. बाहेरच्या पत्र्यात बोल्टपुरतं होल लागतं, पण आतला थर आडवा आला तर त्यात बोल्ट कसायचं सॉकेट जाईल एवढी वाट करावी लागते. ड्रिल आरपार धावू नये म्हणून बिटवर कॉलर, म्हणजे ठरावीक खोलीला अडवणारं कडं, लावतो, आणि डिकीच्या आतून वायर कुठून जाते ते अस्तर काढून आधीच बघून ठेवतो.

होल पाडल्यावर जो लोखंडी कीस पडतो तो व्हॅक्यूमने एकूण एक उचलावा लागतो. रंगावर राहिलेला बारीक कण पहिल्याच पावसात तांबूस डाग सोडतो. होलाची कड कानशीने साफ करायची, उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर, त्यावर रंगाचा हात, तो वाळल्यावर रबरी वॉशर आणि सीलंट. हे सगळं झाल्यावरच बोल्ट. तोही हाताने, कारण एअर गनने कसला की फायबरला तडा जातो किंवा पत्रा खाली बसतो. शेवटी डिकीवर पाणी मारून आतून टॉर्च लावून बघायचं. इथे कंटाळा केला तर पाणी अस्तराखालून उतरत स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं आणि मालकाला कळतं तेव्हा गंज लागलेला असतो.

मग हलके एबीएस प्लास्टिकचे स्पॉयलर आले, डिकीच्या कडेवर बसणारी पातळ लिप आली, आणि त्यांच्यासोबत टेप आली. आतून बाहेरून एकसंध ॲक्रिलिक फोम असलेली ही टेप, थ्रीएम कंपनीने व्हीएचबी या नावाने १९८० मध्ये बाजारात आणलेली. साध्या डबल साइड टेपशी तिची गल्लत करू नये. भाऊ तिच्याकडे पाठ फिरवून होता. पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला बोल्टचा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. त्याचं मत बदललं ते प्लास्टिक आणि पोलाद उन्हात किती वेगवेगळं वागतात ते कळल्यावर.

हा हिशेब आम्ही आजही प्रत्येक नव्या मुलाला करून दाखवतो. १.२ मीटर लांबीचा एबीएसचा स्पॉयलर. सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत तापमान ४० अंशांनी चढलं तर तो साधारण ४ मिलिमीटर लांबतो. खालचा पोलादी पत्रा मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही टोकांना घट्ट बोल्ट असतील तर हा फरक जाणार कुठे? होलापाशी रंग चिरतो, नाहीतर स्पॉयलर मध्ये फुगतो. म्हणून बोल्टच्या कामात मधलं होल नेमकं ठेवून टोकांकडची होलं थोडी लांबट करावी लागतात. टेपचा फोम मात्र हे सरकणं स्वतःमध्ये जिरवतो, आपल्या जाडीच्या तिप्पट अंतरापर्यंत. मध्यापासून मोजलं तर प्रत्येक टोकाच्या वाट्याला दोन मिलिमीटरही येत नाहीत, म्हणजे एक मिलिमीटर जाडीची टेप आरामात पुरते.

पण टेपचा पक्का शत्रू म्हणजे कडेपासून सोलणारा ओढा. सरळ ताण ती सहन करते, सरकवणारा ताणही करते, मात्र एका टोकाला हळूहळू उचलणारा जोर लागला की सुटत जाते. म्हणून कोरडं बसवून बघणं आम्ही कधीच सोडत नाही. स्पॉयलर नुसता ठेवल्यावर टोकं वर राहत असतील आणि हाताने दाबून बसवावी लागत असतील, तर तो स्पॉयलर टेपवर जात नाही. दाबलेलं प्लास्टिक रात्रंदिवस परत वर यायला बघतं आणि टेपला सोलत राहतं.

बाकीचं काम स्वच्छतेचं आणि उबेचं. वॅक्स, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग यातलं काहीही खाली राहिलं तर टेप रंगाला न चिकटता त्या थराला चिकटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने पुसायचं, दुसऱ्या कोऱ्या कापडाने कोरडं करायचं, मग बोट लावायचं नाही. पत्रा २० ते ४० अंशांमध्ये असावा. १० अंशांखाली टेप पकड घेतच नाही, तेव्हा हीट गनने आधी जागा कोमट करून घ्यायची. बसवल्यावर सगळ्या लांबीवर जोर देऊन दाबायचं. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही आणि डिकी स्पॉयलरला धरून बंद करायची नाही. आम्ही हे गाडी देताना तोंडी सांगतो आणि बिलावरही लिहितो. नव्याने रंगवलेल्या डिकीवर तर रंग पूर्ण कडक होईपर्यंत टेप लावतच नाही.

आता ठरवतो कसं? गाडी आली की पहिल्यांदा लोहचुंबक लावतो. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकची डिकी, नाहीतर खाली जाड पुट्टी. पुट्टीवर आम्ही ना होल पाडतो ना टेप लावतो. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट थेट टेकू द्यायचा नाही, मध्ये नायलॉनचं वॉशर, कारण दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात. मग स्पॉयलर किती उंच ते बघतो. अंगासरशी लिप असेल तर टेप, बिनधास्त. हॅचबॅकचा छताच्या टोकावरचा मोठा स्पॉयलर असेल तर टेपसोबत आतून दोन बोल्ट किंवा काचेला वापरतात तो युरेथेन गम, मात्र तो गम काढताना रंगही सोबत येतो हे मालकाला आधी सांगतो. खांबांवर उभा राहणारा विंग असेल तर बोल्टच, आणि आतून रुंद पट्टी. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो आणि उंच विंग तो जोर तरफेसारखा आपल्या छोट्या पायांवर टाकतो. हायवेवर मागच्या गाडीच्या काचेवर सुटून जाणारा विंग आम्हाला नको. असं काम टेपवर मागणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. काही जण रागावून जातात.

स्पॉयलरमध्ये ब्रेक लाइट असेल तर तिथे माझं काम सुरू होतं. टेपवर बसवला तरी वायरला वाट लागतेच. मिळेल तिथे डिकीच्या मूळ रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे वायरसाठी असलेल्या रबरी कड्यातून नेतो, नाहीतर एक छोटं होल. "होल न पाडता" म्हणून सांगितलेल्या कामात ते गुपचूप पाडणं आम्हाला पटत नाही, म्हणून आधी विचारतो.

फायदा काय, असंही लोक विचारतात. पोर्शेने १९७२ मध्ये ९११ कॅरेरा आरएस २.७ ला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर दिला तो वेगात मागचा भाग उचलला जाऊ नये म्हणून. रोजच्या वेगात बहुतेक गाड्यांना तो दिसण्यापुरताच असतो आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो. आवड म्हणून बसवणं हे पुरेसं कारण आहे.

अलीकडे दुसऱ्यांनी बसवलेले स्पॉयलर काढण्याचंही काम बरंच येतं. टेपवरचा असेल तर हीट गनने गरम करून मासेमारीची दोरी करवतीसारखी आतून फिरवतो आणि उरलेला गम रबरी चाकाने उतरवतो. बोल्टचा असेल तर होल बुजवणं, पुट्टी, रंग, म्हणजे भावाचं जुनंच काम. त्यासाठी मागच्या बाजूला रंगाची बंद खोली बांधून घेतली आहे. धूळ न बसता रंग मारता येतो, आणि थंडीत टेपच्या कामाला लागणारी ऊबही तिथेच मिळते.