ओल नेमकी कुणाची?

इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीला वीसेक वर्षं झाली. मी सेक्रेटरी झालो तेव्हा पहिली तक्रार आली तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. दोन पावसाळे बेडरूमच्या छताला ओल, गादीवर पोपडे. काकू म्हणायच्या वरच्यांचं बाथरूम गळतंय, वरचे काका म्हणायचे सोसायटीचा पाइप आहे, आणि आधीची कमिटी म्हणायची तुमचं तुम्ही मिटवा. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं. ओलीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे लेखी नियम, काढून वाचले. गच्ची, पावसाचं पाणी, सामाईक पाइप नि ड्रेनेजची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमुळे होणारी त्या सभासदाने. नियम इतका सरळ होता. पाणी येतंय कुठून, एवढंच कुणी बघितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, प्लंबरने काकांच्या बाथरूमची जाळी बोळा घालून बंद केली आणि नीळ घातलेलं पाणी रात्रभर साठवलं. सकाळी खाली निळा डाग नाही. मग प्लंबर डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, उतरला. सामाईक ड्रेनेजच्या बेंडला चीर होती. म्हणजे काम सोसायटीचं. अर्ध्या दिवसात झालंसुद्धा! दोन वर्षांचा अबोला त्या चिरेपायी होता.

त्यानंतर सभा बोलावून कामं वाटली. गच्चीच्या पावसाळी पाइपांच्या जाळ्या मे संपायच्या आत साफ करायच्या, प्रत्येक विंगची दोन घरं. टाकी आणि पंप वॉचमनने बघायचे, पण वहीवर सही चेअरमनची. तक्रारींची वही एकच: तारीख, कुणी पाहिलं, काम कुणाचं. “आम्ही मेंटेनन्स भरतो ना?” असं एकजण म्हणाले. रागावण्यासारखं नव्हतं ते. खजिनदारांनी दुरुस्ती निधीचा हिशेब मांडला: आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम, वेगळा ०.२५ टक्के. आमच्याकडे दुरुस्ती निधी कित्येक वर्षं कमीच जमत होता. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा करावं लागतं, तेही राहिलेलं. ते त्याच सभेत मंजूर करून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला उशिरा सुचली. आमच्याकडे बरीच घरं भाड्याने आहेत. मालक पुण्या-मुंबईला, नोटिसा त्यांना जायच्या, आणि ओल आधी दिसायची भाडेकरूंना. आता वहीत तेही लिहितात. यंदा जुलैत चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलाने डक्टच्या भिंतीला दमटपणा जाणवल्याचं लिहिलं, त्याच आठवड्यात सांधा बदलला.

काकूंनी छताला लगेच रंग दिला नाही. एक पावसाळा कोरडा जाऊ दे म्हणाल्या. दिवाळीच्या आधी रंगारी आला, तेव्हा शिडी वरच्या काकांनीच दिली.