आमची वाटचाल : एडिसनमधील आमचे कायरोप्रॅक्टिक केंद्र

न्यू जर्सीतील एडिसन येथे आम्ही कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणक्यांवर हातांनी दाब देऊन उपचार करण्याचा, दवाखाना उघडला, तेव्हा भाड्याच्या दोन खोल्या, रुग्णाला झोपवून उपचार करण्याचे एक जुने थॉम्पसन टेबल आणि माझा भागीदार एवढेच भांडवल होते. दाब देताच त्या टेबलाचा कमरेखालचा भाग किंचित खाली पडतो, त्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. भागीदाराने ते स्वतः उघडून, तेलपाणी करून असे लावले होते की माझा हात आजही त्यावरच बसतो.

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यावी, या समजुतीत वाढलेली आपली माणसे ‘मणका सरकलाय, बसवून द्या’ असे म्हणत येत. १८९५ मध्ये आयोवातील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी सुरू केलेली कायरोप्रॅक्टिक पद्धत शिकण्यास आज कॉलेजनंतर साधारण चार वर्षे लागतात आणि राज्याच्या परवान्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. उपचाराच्या वेळी होणारा ‘कट्ट’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो असतो.

आम्ही डबघाईला आलो ते जवळच उघडलेल्या एका केंद्रामुळे. मॉलमध्ये फुकट तपासणी, सरसकट सर्वांचे एक्स-रे आणि वर्षभराच्या उपचारांचे आगाऊ पैसे, असा त्यांचा खाक्या होता. कंबरदुखीला आमच्या उपचाराने उतार पडू शकतो, याला अभ्यासाचा आधार आहे. दम्याबाबत तसा आधार नाही, तरी तेथे दमाही बरा होईल असे बेलाशक सांगितले जाई. आमचे रुग्ण तिकडे गेले, भाडे थकले, आणि आपणही पॅकेजे विकावीत या मताचा भागीदार वेगळा झाला. पैसे घालवून परतलेले लोक सगळ्याच कायरोप्रॅक्टरांना नावे ठेवू लागले, याचा सल अजून गेलेला नाही.

आम्हाला तारले ते किराणा दुकान चालवणाऱ्या एका काकूंनी. तांदळाची पोती उचलून कंबर धरल्याने त्या आल्या होत्या. हातोडीने तपासताना एका घोट्याचा प्रतिसाद मिळेना. खोदून विचारल्यावर, बसण्याची जागा बधिर झाल्याचे आणि लघवी झालेली कळत नसल्याचे त्यांनी संकोचत सांगितले. कण्याच्या खालच्या टोकाच्या नसा दाबल्या गेल्याची ती लक्षणे होती, म्हणून मी त्यांना टेबलावर घेतले नाही, थेट इस्पितळात पाठवले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. पुढे गल्ल्यावर बसून त्या प्रत्येक कंबरदुखीवाल्याला आमचा पत्ता देत राहिल्या, आणि दवाखाना पुन्हा उभा राहिला.

ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत मात्र आम्हाला मणक्यांवरील हातांच्या उपचाराचेच पैसे मिळतात, तपासणीचे मिळत नाहीत. तरीही तपासणीवाचून कोणी टेबलावर झोपवत असेल, तर वाचकांनी तेथून उठून यावे. मान किंवा डोके अचानक आणि पूर्वी कधी नव्हे असे दुखू लागले असेल, तर मानेला हात लावू देण्याआधी ते आवर्जून सांगावे.