गिअरबॉक्स उतरलाय तोवर

सांगलीत माझ्या धाकट्या भावाचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मी इकडे न्यू जर्सीत २००३ ची पोर्शे ९११ घेतेय म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "ताई, जुनी घेतेयस ना? मग जेवढ्याला मिळतेय त्यावर अजून थोडे बाजूला ठेव." थोडे म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही.

गाडी ७१ हजार मैल चाललेली, सहा गिअरची मॅन्युअल, किंमत २४,५०० डॉलर. ९११ च्या मानाने हे स्वस्त, आणि स्वस्त का, हे या गाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. ९११ चं इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड व्हायला लागलं ते या ९९६ पिढीपासून. त्या इंजिनात क्रँकशाफ्टखाली (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा दांडा आहे. क्रँक त्याला फिरवतो आणि तो चेन लावून कॅमशाफ्टना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या (क्रँकच्या टोकाचं जड चाक) टोकाला एक सीलबंद बेअरिंग असतं, आत ग्रीस भरलेलं. वर्षानुवर्षं गरम ऑईलमध्ये राहून सील ढिलं पडतं, ग्रीस धुऊन जातं आणि उरलेल्या सीलमुळे ताजं ऑईलही धड आत पोचत नाही. बेअरिंगच्या गोळ्या सुटल्या की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. सगळ्याच गाड्यांत असं होत नाही, पण या बेअरिंगवरून २००१ ते २००५ च्या मॉडेल्सबाबत अमेरिकेत सामूहिक दावा लागला होता आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. एवढं सगळं वाचूनही मी घेतली. का, ते विचारू नका. रंग निळा होता.

घेण्याआधी त्रयस्थ मेकॅनिककडून तपासून घेतली, ३५० डॉलर. ते पैसे वसूल झाले. त्याने कॉम्प्युटर लावून मागच्या मालकांनी चुकीचा गिअर टाकून इंजिन कधी मर्यादेबाहेर पळवलं होतं का ते पाहिलं. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे आहेत का ते पाहिलं. खालून, ऑईल पॅन (इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं) काढून, आणखी चांगलं दिसतं म्हणाला, पण विकणारा पॅन काढू देईना. त्या गृहस्थांची 'संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड'ची जाडजूड फाईल मी घरी येऊन नीट वाचली. निम्मी बिलं टायर आणि पॉलिशची. क्लचचं एकही नाही.

तिसऱ्या महिन्यात, नोव्हेंबरच्या एका थंड सकाळी, गाडी सुरू केली आणि मागून पांढरा धूर. थोडाथोडका नाही, समोरच्या घराचा दरवाजा दिसेना. शेजारची आजी गाऊनमध्येच बाहेर आली. जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता, म्हणजे इथे मागचं झाकण, कारण इंजिन मागे असतं, "इंजिन गेलं" असं सांगून १८ हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. घरी येऊन मी सरळ भावाला फोन लावला.

"रडू नकोस. ऑईल काढ, फिल्टर कापून मला दाखव."

यातला फिल्टर कागदी असतो, प्लॅस्टिकच्या डब्यात बसलेला. जवळजवळ आठ लिटर ऑईल परातीत काढलं (ती परात आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही), फिल्टरच्या घड्या कात्रीने सोडवल्या आणि पांढऱ्या पेपर टॉवेलवर पसरल्या. बाल्कनीच्या उन्हात फोन धरला. काळे तीन-चार तुकडे, नखाच्या टोकाएवढे. "चुंबक फिरव." फ्रिजवरचा गणपती काढून फिरवला. काहीच चिकटलं नाही. "मग ते चेनच्या गाईडचं प्लॅस्टिक असणार. वय झालं की थोडं झडतं. चमकणारी पूड चुंबकाला लागली असती तर मीच सांगितलं असतं, गाडी विकून टाक म्हणून. आता नवं ऑईल भर, गाडी चालू कर, आणि ऑईलचं झाकण ओढून बघ."

झाकण निघेना. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं.

दुसऱ्या मेकॅनिकने तिथेच गेज लावून निदान केलं: ऑईल सेपरेटरचा (इंजिनातल्या हवेतून ऑईल वेगळं करणारा भाग) आतला रबरी पडदा फाटलाय, म्हणून आत नको इतकी ओढ तयार होते, झाकण धरलं जातं आणि इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळतंय. पार्ट २०० डॉलरचा. पण तो बसलाय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बेचक्यात, आणि हात घालायला जागा हवी तर गिअरबॉक्स खाली घेतलेला बरा. आणि एकदा गिअरबॉक्स उतरला की क्लच समोर, क्लचमागे फ्लायव्हील, फ्लायव्हीलमागे ते कुप्रसिद्ध बेअरिंग. फरशी उखडलीच आहे तर नळाची पाइपलाइनही बदलून घ्यावी, तसा हा प्रकार. इथे महाग असते ती मजुरी, पार्ट नाही. त्याचा भाव तासाला १६० डॉलर, आणि १५ तास धरले होते. तेच १५ तास एका कामासाठी द्यायचे की चार कामांसाठी, एवढाच प्रश्न होता.

क्लच किट ६००, बेअरिंगचं सुधारित किट ८००, सेपरेटर २००, क्रँकचं मागचं सील ६०, ऑईल वगैरे १४०. मजुरी २,४००. एकूण ४,२००. फ्लायव्हील चांगलं निघालं म्हणून बचावले. बेअरिंग काढण्याआधी कॅमशाफ्ट जागच्या जागी जखडावे लागतात, नाहीतर चेन सटकते. ते करताना मला बघू द्या, असा हट्ट धरला आणि चहाचा थर्मास घेऊन दिवसभर तिथेच बसले.

पुढच्या काही महिन्यांत कूलंटची टाकी तडकली. त्याच फेरीत वॉटर पंपही बदलला, १,१५०. चार टायर १,१०० ला आले. सहाही इग्निशन कॉइल आणि प्लग मी घरीच बदलले, सामानाचे ४८०. तपासणीचे ३५० धरून पहिल्या वर्षी ७,२८० डॉलर, म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तीस टक्के. भावाला रुपयात सांगितलं नाही, पण त्याला गुणाकार येतो.

जुनं बेअरिंग मेकॅनिकने कापडात गुंडाळून हातात दिलं. तळहातावर मावणारं, वजन नगण्य. आतलं सील बोटाने ढकललं तर आत ग्रीसचा मागमूस नव्हता, काळं पातळ ऑईल ओघळलं. फिरवून पाहिलं. खरखर नव्हती, पण बाजूला किंचित हलत होतं. डिसेंबरात सांगलीला गेले तेव्हा ते भावाच्या काउंटरवर ठेवलं. त्याने दोन बोटांत धरून कानाशी फिरवलं, गॅरेजातल्या पोराला हाक मारली आणि म्हणाला, "ओळख, कशाचं आहे?"

पोरगं म्हणालं, "वॉशिंग मशीनचं."