शेवरोले ३१०० च्या हौद्याच्या फळ्या: गाडीवर चढवण्याआधीचं काम

हौद्याच्या सगळ्या फळ्या तेल पिऊन गॅरेजात आडव्या ठेवल्या आहेत. गाडी १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप, अर्ध्या टनाची; मागे माल ठेवायचा ७८ इंची हौदा. इंजिन आणि ब्रेकचं काम आधीच उरकलंय, त्यामुळे या नोंदीत फक्त लाकूड. १९५१ सालचीच गाडी असेल तर फळ्या मागवण्याआधी आपल्या हौद्यात त्या किती आहेत ते मोजा. त्या वर्षाच्या मध्यात कंपनीने नऊ फळ्यांच्या आठ केल्या, त्यामुळे फळ्यांची रुंदीही बदलली. नुसतं साल सांगून मागवलेला संच बसेलच असं नाही.

जुन्या फळ्या काढल्यावर त्या उलट्या करून नीट बघितल्या. वरची बाजू करडी पडली होती, खरवडली होती, पण ठणठणीत होती. कूज होती ती तीनच ठिकाणी: फळ्यांच्या टोकांना, बोल्टच्या भोकांभोवती आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर लाकूड टेकतं तिथे. याला कारण आहे. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या फळीच्या लांबीने धावतात. टोकाला त्या सगळ्या उघड्या पडतात, आणि फळीच्या सपाट अंगापेक्षा टोकातून पाणी कितीतरी पट वेगाने आत शिरतं. बोल्टचं भोक म्हणजे आणखी एक उघडं टोकच. असं असूनही आपण सगळे वरच्या बाजूच्या चकाकीवर जीव टाकतो. माझं ठाम मत झालंय की हौदा टिकवायचा असेल तर आधी टोकं, भोकं आणि खालची बाजू, आणि मग उरलेली मेहनत वरच्या बाजूला.

मूळ गाडीत पाइन होतं. मी व्हाइट ओक घेतला. रेड ओक स्वस्त मिळतो आणि दिसायला जवळपास तसाच असतो, पण त्याच्या नळ्या मोकळ्या असतात. छोट्या तुकड्याच्या एका टोकाने फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडबुडे येतात. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तो ओल्याव्यात तग धरतो. साग का नाही, असं पुण्याच्या मित्राने विचारलं. साग उत्तमच, पण इथे त्याची किंमत ऐकून पुढे बोलणं खुंटतं. दुकानात मिळणारं औषध मुरवलेलं हिरवट पाइन मात्र घेऊ नका. त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे साधं पोलाद झपाट्याने गंजतं, आणि आपल्या हौद्यात सगळीकडे पोलादच आहे.

ओकचा एक हट्ट सांभाळावा लागतो, तो म्हणजे हलणं. चपट्या कापाच्या, म्हणजे खोडाच्या वलयांना समांतर कापलेल्या, १५० मिलिमीटर रुंद फळीत ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ती साधारण दोन मिलिमीटर फुगते. त्रिज्येच्या दिशेने कापलेली फळी जेमतेम निम्मी फुगते, म्हणून शक्य तितक्या फळ्या तशा कापाच्या निवडल्या. भट्टीत वाळवलेलं लाकूड सहा ते आठ टक्के ओलाव्यावर येतं आणि बाहेर ठेवलं की बाराच्या आसपास स्थिरावतं. म्हणजे नव्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या तर पहिल्या दमट उन्हाळ्यात त्या एकमेकींना ढकलून उचलल्या जाणार. दोन फळ्यांच्या सांध्यावर बसते त्या पोलादी पट्टीखालची फट त्यासाठीच असते, आणि पाणी निथळायलाही. तिथे सिलिकॉन भरू नये. वरून आलेलं पाणी खाली पडायलाच हवं.

आता लेपाबद्दल. ओकचे कापलेले तुकडे वेगवेगळे लेप लावून मी पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा उघड्यावर ठेवले होते. बोटींना लावतात त्या व्हार्निशचा तुकडा सुरुवातीला सगळ्यात देखणा होता. पण ऊन पारदर्शक थरातून आत जातं, लाकडाचा वरचा पापुद्रा सैल करतं, आणि एकदा ओरखडा पडला की पाणी थराखाली शिरून अडकतं. त्या तुकड्याचे पोपडे सुटले. खाली पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ) आणि वर व्हार्निश हा उपाय जास्त टिकला. मात्र इपॉक्सीला स्वतःला ऊन सोसत नाही, म्हणून वरचं व्हार्निश वेळच्या वेळी नवं करावंच लागतं. प्रदर्शनात उभी राहणारी गाडी असेल तर तेच करा. माझ्या गाडीत सरपण आणि माती जाणार, फावडं घासणार. म्हणून टंग तेल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचं तेल. ओरखडा पडला की तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं, अख्खा थर तासावा लागत नाही.

अळशीचं डबल बॉइल्ड तेलही चालतं, पण त्याच्यावर बुरशी लवकर धरते. कोकणातल्या पावसात हा प्रयोग करणाऱ्यांनी त्याचा नाद सोडावा.

पहिला हात निम्मं तेल आणि निम्मं पातळक असा दिला. फळी जिथे तेल ओढते तिथे ओढेल तेवढं पाजलं. टोकं तर बशीत उभी करून ठेवली. मग अर्ध्या-पाऊण तासाने उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर वर चिकट साय धरते. पुढचे हात हळूहळू दाट. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि गारठ्यात फार रेंगाळतं, म्हणून मी फेब्रुवारीत सुरुवातच केली नाही. सगळी भोकं आणि खाचा आधी पाडून घेतल्या, म्हणजे त्यांच्या आतही तेल गेलं. भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवलीत, फळीला हलायला जागा हवी.

इथे एक धोका गांभीर्याने घ्या. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. ठिणगी लागत नाही. प्रत्येक फडकं बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घाला.

ओकमधलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि लोखंड पाण्यात भेटले की काळेनिळे डाग पडतात. म्हणून घासताना स्टील वूल अजिबात वापरलं नाही; त्याचे बारीक कण शिरांत अडकतात आणि पहिल्या पावसात फळीभर काळे ठिपके उमटतात. फक्त काचपेपर. दोन जुन्या डागांवर ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी फिरवलं, हातमोजे घालून, नंतर स्वच्छ धुतलं. डाग गेले. पट्ट्या आणि चौकोनी मानेचे बोल्ट स्टेनलेसचे घेतलेत. स्टेनलेसच्या आट्या कोरड्या आवळल्या की एकमेकींत अडकून कायमच्या बसतात, म्हणून प्रत्येक बोल्टला अँटी-सीझ वंगण लावणार. खालच्या आडव्या पट्ट्या घासून जस्ताचा प्रायमर आणि वर काळा रंग दिलाय.

हौद्यात रबरी चटई घालणार नाही. ती लाकडाला ओरखड्यापासून वाचवते, पण खाली ओल कोंडते. ओली पानं आणि माती कोपऱ्यात साचू द्यायची नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या दिवसांत गाडी बाहेर निघालीच तर खालून धुवायची. वर्षातून एकदा, कोरड्या आठवड्यात, टोकांवर पाण्याचे थेंब टाकून बघायचे. थेंब गोल उभे राहिले तर ठीक, पसरून मुरले तर तेलाचा हात.

तेल पूर्ण घट्ट व्हायला साधारण महिना देतोय. तोवर मागच्या फळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या काढून साफ करायच्या आहेत. एका बिजागरीची खीळ झिजली आहे आणि ती लेथवर नवी करून घ्यावी लागेल.