दोष प्लगचा नव्हता, कॉइलचा होता

जुळे सोलापूरहून सात रस्त्याला जाईपर्यंत गाडी गचके खात होती, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. असा लुकलुकणारा दिवा दिसला की गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी होतो.

आज ऊन चढायच्या आत दारातच बॉनेट उघडलं. स्कॅनरवर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस, त्यात पेट्रोल नीट पेटत नव्हतं. अण्णा म्हणाले, "सगळे प्लग बदलून टाक की." पण आधी कारण सापडायला हवं ना! प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल असते. इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला, गाडी चालू केली. आता पी०३०२! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे प्लग आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर दोन्ही निर्दोष. काय आनंद झाला म्हणून सांगू! कॉइलचा प्लगवर बसणारा रबरी बूट उजेडात वाकवून पाहिला, तर केसाएवढी चीर आणि तिच्या कडेने करडी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत पोचतच नव्हती, तिथूनच बाहेर पळत होती.

नवी कॉइल बसवली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. बाकीचे बूटही तितकेच जुने आहेत, तेही याच आठवड्यात तपासतो.